तीन पायांचा घोडा

पांढरकवड्यात धर्मपालला पूर्ण नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. आई सत्यभामाबाई, बायको साधना आणि विहारातली चार जुनी मंडळी. बाकी जगासाठी तो धरमभाऊ. त्याच्या सात सीटच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'धरम टूर्स. धबधबे, तळी, मंदिरं. एका दिवसात दर्शन आणि परत.' त्याच काचेच्या डाव्या कोपऱ्यात डिंकाचा एक गोल डाग आहे. तिथे पूर्वी निळं अशोकचक्र चिकटवलेलं होतं. ते कुठे गेलं असं कोणी विचारलं, की धर्मपाल म्हणतो, "उन्हानं निघालं." आपल्याकडचं ऊन कडक खरं, पण ते एवढं निवडक कधीपासून झालं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गाडी जपून चालवतो, दारूला शिवत नाही. गिऱ्हाइकात कोणी म्हातारी असली तर हाताला धरून उतरवतो, आणि धबधब्यावर पोरं शेवाळावरून घसरू नयेत म्हणून स्वतः गुडघाभर पाण्यात उभा राहतो. वर्षानुवर्षं हैदराबादच्या हायवेवर दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग ही गाडी घेतली आणि पावसाळ्यात लोकांना रान दाखवायचा धंदा सुरू केला. सकाळी केळापूरच्या देवीचं दर्शन, दुपारी कोलामांच्या पोडामागचा, म्हणजे त्यांच्या वस्तीमागचा धबधबा, संध्याकाळी मोहझरीच्या तळ्याकाठची मंदिरं. नागपूरचे, आदिलाबादचे लोक यायचे आणि खूश होऊन जायचे.

खोड एकच. समोरच्याचे डोळे मोठे झाले की याची जीभ ताब्यात राहत नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असलं प्रकरण. आणि त्या जिभेने त्याचा घात केला तो नेमका मोहझरीत, त्याच्या आज्याच्या गावी.

आज्याचं नाव उकंडा. छप्पन साली भाकरीचं गाठोडं पाठीला बांधून तो नागपूरला गेला, तिथल्या अफाट गर्दीत उभा राहून त्याने धम्माची दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर पहिलं काम केलं ते देव्हारा रिकामा करण्याचं. पितळेचे पाच देव होते. त्यातला एक घोड्यावर बसलेला, आणि त्या घोड्याला पायच तीन. चौथा मोडला होता धर्मपालच्या बापाने, लहानपणी. रानातून चारं आणली होती, त्यातली चारोळी खायची होती आणि फोडायला दगड सापडेना. पोराने देव्हाऱ्यातला घोडा उचलला आणि त्यानेच ठोकाठोक केली. तेव्हा उकंडाने त्याला ओल्या फोकाने पाठ फुटेस्तोवर झोडपलं होतं. दीक्षेनंतर पाचही देव टोपलीत घालून बाप-लेक तळ्यावर गेले. चार देव उकंडाने बुडवले. पाचवा उचलला आणि पोराच्या हातात दिला. म्हणाला, "याच्यापायी मारलं व्हतं ना म्या तुले? ने. तूच फेक."

पोराने अंगात होता तेवढा जोर लावून घोडा फेकला. आणि उकंडा काठावर बसून ढसढसा रडला. देवांसाठी नव्हे, पोराच्या पाठीसाठी.

ही त्या घराची गोष्ट. कोणाच्या घरी सोनं असतं, कोणाच्या घरी शेत असतं, यांच्या घरी ही गोष्ट होती. दर वर्षी अशोक विजयादशमीला पांढरे कपडे घालून वंदना झाली की ती सांगितली जायची. खीर थंड झाली तरी चालेल, पण गोष्ट संपल्याशिवाय वाटीला कोणी हात लावायचा नाही. आधी उकंडा सांगायचा, मग धर्मपालचा बाप, आणि बाप गेल्यावर सत्यभामाबाई. त्या सून म्हणून घरात आल्या त्याच्या कितीतरी आधी देव बुडाले होते, पण सांगताना त्यांचा हात असा उठायचा की घोडा त्यांनीच फेकला असावा.

काही वर्षांपूर्वी मोहझरीच्या तळ्याचा गाळ उपसला आणि जेसीबीच्या बकेटातून पाच पितळी देव वर आले. गावाला आनंद झाला. गावकऱ्यांना काय माहीत ते कोणाचे? उकंडाचं घर विकून पिढी लोटली होती. त्यांनी श्रद्धेने काठावर एक छोटंसं देऊळ बांधलं आणि त्याला 'पाचदेव' नाव दिलं. तळ्याकाठी महादेवाचं जुनं मंदिर होतंच, त्याच्या शेजारी हे नवं झालं.

धर्मपाल तिथे पहिल्यांदा गेला तो गिऱ्हाइकं घेऊनच. पाहतो तर मधोमध तीन पायांचा घोडा. त्याला आधी हसूच आलं. घरी जाऊन मायला सांगू, असंही मनात आलं. तेवढ्यात गिऱ्हाइकातल्या एका बाईने हात जोडल्या जोडल्या विचारलं, "भैया, घोड्याचा पाय असा का हो?"

खरं उत्तर जिभेवर होतं. पण ते द्यायचं तर आज्याचं सांगावं लागणार, दीक्षेचं सांगावं लागणार, आणि मग पुढचा प्रश्न येणार तो आडनावाचा. गाडीत बसल्यापासून दोनदा त्याने तो प्रश्न शिताफीने चुकवला होता. म्हणून तो म्हणाला, "ताई, देव स्वतःच वर आले ना! घोड्यानं तळ्यातून अशी झेप घेतली का काठावरच्या दगडावर पाय आपटला."

बाईचे डोळे मोठे झाले. संपलं.

पुढे प्रत्येक फेरीला गोष्टीला नवं पान फुटत गेलं. तळ्यात उजेड दिसू लागला. गावच्या पाटलाला स्वप्न पडलं. मग देवाने आपला पाय दिला तो लोकांचे पाय बरे करायला, असं निघालं. ज्याच्या पायाला दुखणं, त्याने पितळेचा छोटा घोडा वाहायचा. देवळासमोर घोडे विकणारं दुकानही लागलं. एकदा कोणा पोराने मोबाइल समोर धरला तेव्हा धर्मपाल इतका रंगात आला, की लोहारा गावातल्या एका मुलीचा जन्मापासून वाकडा पाय घोडा वाहिल्यावर सरळ झाला, हेही त्याने सांगून टाकलं. तो व्हिडिओ गावोगाव फिरला.

आईने एकदा विचारलं होतं, "मोहझरीच्या तळ्यात देव निंघाले म्हन्तेत. आपले तं नसतीन?"

"पाह्यले म्या, माय. आपले नाही. दुसऱ्याच कोनाचे हायेत."

"घोडा होता का?"

"नाही."

आईशी बोललेल्या या एका शब्दाचं त्याला रात्री झोपेत ओझं व्हायचं. दिवसा होत नसे, दिवसा धंदा असायचा.

यंदा श्रावण संपता संपता दिग्रसकडून फोन आला. फुलसिंग राठोड नावाचे मास्तर, त्यांची बायको कौसल्या आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी सोनल. तिघंच, पण गाडी पूर्ण हवी होती. कौसल्याबाई म्हणाल्या, "धरमभाऊ, जागा रिकामीच आहे. घरचं कोणी बाईमाणूस आणाल तर मला सोबत होईल."

फोन स्पीकरवर होता. सत्यभामाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. "मी येतो ना," त्या तिथूनच म्हणाल्या. "धबधबा पाह्यला नाही म्या कधी. आन मोहझरीही पाहून घेईन. सासर हाये माह्यं."

धर्मपालने सतरा सबबी सांगितल्या. रस्ता खराब, तुझे गुडघे, पाऊस येईल. साधनाला अंगणवाडीतून सुट्टी मिळाली तर तिला नेतो, असंही म्हणून पाहिलं. पण म्हातारी पहाटेच न्हाऊन, निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. सीटबेल्ट कसा लावायचा ते तेवढं राहिलं होतं.

सोनल म्हणजे बडबडीची खाण. डावा पाय आत वळलेला, त्यामुळे चालताना अंग एका बाजूला झुकायचं, पण तोंडाला विश्रांती नाही. केळापूरला राठोड मंडळी देवीच्या दर्शनाला आत गेली. सत्यभामाबाई बाहेर चिंचेखाली बसून राहिल्या. देवाला शिव्या देणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. फक्त हात जोडत नसत, इतकंच. सोनलने बाहेर येऊन विचारलं, "आजी, तू नाही आलीस आत?" त्या म्हणाल्या, "तू जाऊन आली ना, बास झालं." आणि तिला अर्धा पेरू दिला.

धबधब्यावर तर म्हातारीचं वय निम्मं झालं. पोडामागून उतरायला दगडांची वाट आहे, ती त्या धर्मपालचा हात झिडकारून उतरल्या. पाणी सागाच्या रानातून येऊन काळ्या कातळावरून खाली कोसळत होतं. त्यांनी लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलं आणि सोनलला शेजारी बसवून दोघींनी पाय पाण्यात सोडले. भाकरी-ठेचा पोरीनेच संपवला. धर्मपाल थोडा खाली, पाण्यात उभा होता. त्याला वाटलं, उगाच घाबरलो. किती वर्षं आईला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग त्याने पाहिलं की आईने पोरीचा वाकडा पाय मांडीवर घेतलाय, त्यावरून हात फिरवतेय, आणि कौसल्याबाईंना काहीतरी विचारतेय. पाण्याच्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं. कौसल्याबाई सांगत होत्या, मान हलवत होत्या, एकदा त्यांनी पदराने डोळे पुसले. मग पर्समधून मोबाइल काढला, काहीतरी लावलं आणि म्हातारीच्या कानाशी धरला.

धर्मपाल जागच्या जागी गोठला. मोबाइलवर काय लागलंय हे त्याला सांगायची गरज नव्हती. आई तो लहानसा पडदा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, आपला पोरगा मोबाइलमध्ये दिसतोय याचं कौतुक असावं. मग ते हळूहळू गेलं. व्हिडिओ संपला. तिने मोबाइल परत दिला, लुगडं खाली सोडलं, आणि मान वर करून पोराकडे पाहिलं. धर्मपालने नजर पाण्यात घातली.

वर येताना तिने त्याचा हात धरला नाही. फक्त म्हणाली, "डाक्टरनं आपरेशनची तारीख देल्ली व्हती त्या पोरीले. यायनं सोडून देल्ली. मालूम हाये का तुले?"

"मले काय मालूम, माय?"

"आता झालं ना मालूम. चाल, तळ्यावर जाऊ."

तिथून मोहझरी फार लांब नाही. पण तेवढ्या वाटेत धर्मपालला घाम फुटला. गाडी पंक्चर व्हावी, नाल्याला पूर यावा, काहीही व्हावं असं त्याला वाटत होतं. आई समोरचा रस्ता पाहत होती. मागे सोनल मोबाइलवर तोच व्हिडिओ पुन्हा लावून बसली होती आणि धर्मपालचा आवाज धर्मपालच्याच पाठीमागून येत होता, "आन मंग काय सांगू मंडळी, तळ्यात उजेडच उजेड..." त्याला वाटलं, हा माणूस आपण नाही. पण आवाज तर आपलाच होता.

तळं काठोकाठ भरलं होतं. सत्यभामाबाई उतरल्या आणि कोणाशी न बोलता सरळ देवळात गेल्या. चपला बाहेर काढल्या, कोणाच्याही दारात काढतात तशा. आत पाच देव शेंदूर लावून ठेवलेले. त्या जवळ गेल्या, मधला घोडा नीट पाहिला, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. काही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर धर्मपालला बरं वाटलं असतं.

कौसल्याबाईंनी दुकानातून पितळेचा घोडा घेतला, सोनलच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरमभाऊ, तुमच्या तोंडून गोष्ट ऐकू आणि मग वाहू."

"व्हिडिओत आहे ना ताई सगळं."

"काका, सांगा ना," सोनल म्हणाली. "घोडा कशी उडी मारतो ते करून दाखवा."

धर्मपालने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग. मलेही आयकू दे."

आणि त्याने सांगितली. करणार काय? तोंड उघडलं तेव्हा जीभ जड होती. पण तळ्यातल्या उजेडापाशी पोरीचे डोळे मोठे झाले, आणि त्याची जीभ सवयीने सुटली. हात उडाले, घोड्याची झेप आली, दगडावर पाय आपटला. पुढे कितीतरी दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची, की आई समोर बसलेली असताना, मधले काही क्षण, त्याला मजा आली होती.

गोष्ट लोहाऱ्याच्या मुलीपर्यंत आली तेव्हा सत्यभामाबाईंनी विचारलं, "लोहाऱ्यातली कोनाची पोरगी?"

धर्मपाल थांबला.

"नाही, म्हनलं, लोहाऱ्यात माही सख्खी बहीन राह्यते. तिले इचारून पाह्यलं असतं. नाव काय पोरीचं?"

फुलसिंग मास्तर धर्मपालकडे पाहत होते. सोनल पाहत होती. तिच्या मुठीत घोडा होता. गिऱ्हाईक जाईल, गावात बोभाटा होईल, हा धंदा बुडेल, हे सगळं धर्मपालच्या डोक्यातून गेलं. पण नजर जाऊन थांबली ती पोरीच्या वाकड्या पायावर.

"नव्हती," तो म्हणाला. "कोनी पोरगी नव्हती. म्या बनवली."

एकदा सुटला तो सुटलाच. खाली पाहत, भराभरा सगळं सांगून मोकळा झाला. देव आमच्या घरचे. आज्यानं इथं बुडवले, दीक्षा घेतल्यावर. घोड्याचा पाय माह्या बापानं मोडला, चारं फोडताना. उजेड नाही, स्वप्न नाही. "तुमी पोरीले डाक्टरकडे न्या ताई. ह्या घोड्यानं कोनाचा पाय बरा नाही झाला. माह्या बापाची पाठ फुटली, तेवढं खरं हाये." बोलता बोलता त्याला रडू आलं. एवढ्या मोठ्या मिशीवाल्या माणसाला रडताना पाहून सोनल आईला चिकटली आणि कुजबुजली, "याडी, काका रडतायत."

फुलसिंग मास्तरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे फसवलंत तुम्ही! आम्ही सहा महिने..." ते पुढे बोलू शकले नाहीत, कारण कौसल्याबाई उठल्या होत्या.

त्या धर्मपालकडे आल्या नाहीत. त्या सत्यभामाबाईंपुढे गेल्या, खाली बसल्या आणि त्यांनी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आजी, म्हणजे हे देव तुमच्या घरचे! तुमच्याच गाडीतून आम्ही आलो! उगाच का हे झालं? तुमच्याच हाताने घोडा वाहा आजी. मग माझ्या पोरीचा पाय बरा होईलच."

धर्मपालला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. खोटं परत घ्यायला तोंड उघडलं तर ते दुप्पट होऊन आईच्या पायाशी येऊन बसलं. फुलसिंग मास्तर हताश होऊन म्हणाले, "कौसल्या, ते काय सांगतायत ते ऐक तरी. मी किती दिवस सांगतोय तुला. डॉक्टर चांगले आहेत, घाबरू नकोस." पण कौसल्याबाईंनी म्हातारीचे पाय सोडले नाहीत. त्यांना देव हवा होता असं नाही. पोरीच्या पायावर सुरी फिरणार, ही भीती त्यांना कोणापुढे तरी ठेवायची होती.

सत्यभामाबाईंना ते कळलं. तिला उठवायला त्यांनी हात पुढे केला होता, तो तसाच थांबला. त्यांनी एकदा पोराकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती, म्हणून जास्त लागली. मग त्या उठल्या, सोनलचा हात धरून देवळात गेल्या आणि शेंदूर लावलेल्या त्या तीन पायांच्या घोड्यावर त्यांनी आपला हात ठेवला. उकंडाच्या सुनेने. लग्न होऊन आल्यापासून कुठल्याही देवापुढे न वाकलेल्या बाईने.

"आयक बाई," त्या कौसल्याबाईंना म्हणाल्या. "देव आमच्या घरचे हायेत ना? मंग मी सांगतो ते देवाचं म्हननं समज. पोरीचा पाय डाक्टरच्या हातानं सरळ होईन. जाऊन पहिले तारीख घे. भेव नको. तारीख चुकवशीन तं हा घोडा तुह्यावर रुसन."

कौसल्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. "घेते आजी. उद्याच घेते."

सोनलने आपला घोडा आजीच्या हातात दिला. आजीने तो पदराच्या गाठीला बांधला.

परतीच्या वाटेवर राठोड मंडळी मागे झोपली. धर्मपाल दोनदा म्हणाला, "माय." आई खिडकीबाहेर पाहत राहिली. राठोडांना एसटी स्टँडवर सोडून गाडी दाराशी आली, तेव्हा ती आत गेली नाही. अंगणातल्या रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि चूळ भरली. पुन्हा भरली. कितीतरी वेळ ती गुळण्या करत उभी होती. साधना दारात येऊन सासूला विचारत होती, "काय झालं, मामी? काही खाल्लं का वाईट?" धर्मपाल गाडीच्या चाकाशी बसून ऐकत होता. आतल्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, बाबासाहेबांचा होता, त्यांच्याखाली उकंडाचा होता. तोंड धुतल्याशिवाय त्यांच्यासमोर जायची तिची हिंमत होत नव्हती. आणि ते तोंड तिने विटाळलं होतं ते त्याच्यासाठी.

आत जाताना तिने पदराची गाठ सोडली आणि छोटा घोडा त्याच्या पुढ्यात ठेवला. "तुह्या बापानं फेकला. आता तू फेक."

तो घोडा घेऊन उठला. ती पाठमोरी म्हणाली, "तळ्यात नको टाकू. तळ्यातलं वर येते."

काय करावं ते त्याला सुचेना. तो घोडा अजून गाडीच्या टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या खाली पडून आहे.

सोनलचं ऑपरेशन झालं. फुलसिंग मास्तरांनी फोन करून कळवलं, रागाची बोलणी मागे घेतली आणि प्लास्टर घातलेल्या पायाचा फोटो पाठवला. धर्मपालने तो आईला दाखवला. तिने फोटोतल्या पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं झालं." त्या दिवशी त्याला वाटलं, सुटलो.

पण कौसल्याबाईंनीही एक व्हिडिओ केला होता. 'पाचदेवांच्या मूळ घरातल्या आजींचा शब्द खरा ठरला.' पंधरा दिवसांत पांढरकवड्याच्या त्या गल्लीत अनोळखी गाड्या यायला लागल्या. कोणाचा गुडघा, कोणाची टाच, कोणाचा लकवा. माणसं दारात चपला काढायची आणि आजींच्या पाया पडायचंय म्हणून सांगायची. सत्यभामाबाई मागच्या दाराने विहारात जाऊन बसायच्या. धर्मपाल दारात उभा राहून प्रत्येकाला खरं सांगायचा. आज्याचं, चारांचं, फोकाचं, सगळं. कधी नव्हे ते आडनावासकट सांगायचा. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. देव असे सहजासहजी सापडत नाहीत. आजी कधी येतील?" मोहझरीची फेरी त्याने बंद केली. मागच्या काचेवर नवं अशोकचक्रही लावलं. लोकांनी तेही पाहिलं आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं कशाला घाबरलो, याची त्याला आणखी एक लाज वाटली.

मग विजयादशमी आली. घर सारवून झालं, पांढरे कपडे झाले. बहिणी, भाचे, लोहाऱ्याची मावशी, सगळे आले. वंदना झाली. खिरीच्या वाट्या समोर आल्या आणि सवयीने सगळ्यांचे डोळे सत्यभामाबाईंकडे वळले.

त्या उकंडाच्या फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आपली वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "यंदा धर्मपाल सांगन."

"मी? नाही, माय. तूच सांग."

"माह्या तोंडून आता बरी नाही लागत ते गोष्ट," त्या म्हणाल्या. "तू सांग. तुले चांगली सांगता येते."

टोमणा नव्हता तो. ती खरंच तसं म्हणाली, पोराचं कौतुक करावं तशा आवाजात, आणि धर्मपालची मान जी खाली गेली ती वर येईना. भाचे वाट पाहत होते. खीर थंड होत होती. शेवटी त्याने सुरुवात केली. हात मांडीखाली दाबून धरले होते, उडू नयेत म्हणून.

"माह्या आज्याकडे पितळेचे पाच देव व्हते," तो म्हणाला. "त्यातल्या घोड्याचा एक पाय मोडला व्हता." आणि तिथेच तो अडला.

सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"कोनी मोडला व्हता?" त्यांनी विचारलं.